नागपूर उणे दहा

आमच्या घरी कॅलेंडर नागपूरहून येतं. मामा दर वर्षी न चुकता पाठवतात. रायपुरातही मराठी कॅलेंडर विकत मिळतं हे त्यांना किती वेळा सांगितलं, पण त्यांचा विश्वास बसत नाही. त्यात संकष्टीच्या दिवशी चंद्रोदयाच्या वेळा छापलेल्या असतात. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर आणि आणखी काही गावं. रायपूर नाही. छापणाऱ्याच्या लेखी मराठी माणसाचा चंद्र नागपूरपर्यंतच उगवतो, पुढे ज्याचं त्यानं बघून घ्यावं.

बाबा रेल्वेत होते. आजी संकष्टी धरायची तेव्हाच त्यांनी हा प्रश्न निकालात काढला होता. पूर्वेकडे जावं तसा चंद्र आधी दिसतो, म्हणून नागपूरच्या वेळेतून दहा मिनिटं वजा. आमच्या घरात हा नियम पाढ्यासारखा पाठ होता. आमच्या चौबे कॉलनीतल्या बाकी मराठी घरांचे नियम वेगळे होते. कोणी मुंबईतून पस्तीस मिनिटं वजा करायचं. कोणी नागपूरचीच वेळ धरायचं, दहा मिनिटांनी देव काही रागावत नाही म्हणून. समोरच्या काकू दहा मिनिटं मिळवायच्या. रायपूर नागपूरच्या पुढे आहे ना, मग अधिकच होणार, असा त्यांचा हिशोब. त्यांची चूक कोणी दाखवली नाही. उपास जास्त घडतोय तर तो कमी करण्याचं पाप आपल्या माथी कशाला, असा सगळ्यांनी विचार केला.

मी रायपूरबाहेर सिलतऱ्याला लोखंडाच्या, म्हणजे स्पंज आयर्नच्या, एका कारखान्यात कॉम्प्युटरवर काम करते. ट्रक काट्यावर चढला की वजनाची पावती निघते. ती काढणारा प्रोग्राम माझ्या ताब्यात आहे. ताब्यात म्हणजे त्याला हात लावायला मला मनाई आहे. तो माझ्या आधीच्या माणसानं लिहिला, तो चालतो, आणि चालत्या गाडीला खीळ घालू नये, एवढंच आमच्या कारखान्याचं धोरण आहे. सकाळी कंपनीची बस येते, बीरगांवातून धूळ खात सिलतऱ्याला पोचते, दिवसभर मी त्या प्रोग्रामच्या शेजारी बसते आणि संध्याकाळी घरी येते. पगार वेळेवर होतो. तक्रार नाही.

प्रोग्राम लिहायची हौस मी घरी भागवते, सकाळी बसच्या आधी, चहाबरोबर. प्रोग्राम लिहिणाऱ्या लोकांसाठी इंटरनेटवर छोटे छोटे सराव मिळतात. रोमन आकडे बनवा, लीप वर्ष ओळखा, चेंडू घरंगळवून लाकडी बाटल्या पाडायच्या बोलिंगच्या खेळाचे गुण मोजा. बोलिंगचा खेळ मी जन्मात पाहिलेला नाही, पण त्याचे गुण मी प्रोग्रामिंगच्या आठदहा भाषांमध्ये मोजून देऊ शकते. सराव सोडवणं हा त्यातला मुद्दा नसतोच. तो आधीच सुटलेला असतो. तोच पुन्हा, नव्या भाषेत, कोऱ्या फाइलपासून लिहायचा. आधी तपासणी लिहायची, म्हणजे उत्तर काय आलं पाहिजे ते. ती चालवली की पडद्यावर लाल येतं, कारण प्रोग्राम अजून लिहिलेलाच नाही. मग हिरवं होईस्तोवर लिहायचं. हिरवं झालं की नीटनेटकं करायचं, एखादं नाव बदलायचं, दोन फालतू ओळी काढायच्या. आणि मग सगळं मिटवून टाकायचं.

हे मिटवणं आईला कधी पटलं नाही.

"रोज लिहिते, रोज मिटवते," ती म्हणते. "मंग लिहून काहून राहिली?"

"हात बसावा म्हणून."

"इतक्या वर्षांत नाही बसला?"

"तू नाही का रोज पोळ्या करत?"

"पोळ्या आपण खातो."



भाषांचे स्वभाव असतात, हे मला सरावातूनच कळलं. पायथन अघळपघळ आहे, काहीही चालवून घेते आणि अंगाशी आलं की मग सांगते. हास्केल सोवळ्यातली आहे. तिच्या स्वयंपाकघरात काही न्यायचं तर आधी हातपाय धुवावे लागतात, बाहेरचं आत चालत नाही आणि आतलं बाहेर येत नाही. लिस्पमध्ये कंस इतके की शेवटी कुठला कुणाचा हे विचारायची सोय राहत नाही. प्रोलॉगला काम कसं करायचं ते सांगायचंच नसतं, फक्त खरं काय ते सांगायचं, मग ती होय किंवा नाही म्हणते आणि कारण देत नाही. ती मला सरकारी कचेरीसारखी वाटते, तरी मला ती आवडते. या भाषांचा मला कारखान्यात काडीचा उपयोग नाही. माणसं भजनाला जातात, मी हे करते.

एका संकष्टीला आई स्वयंपाकघरातून मोठ्यानं हिशोब करत होती, "नागपूर आठ चाळीस, मंग आपले आठ तीस." माझ्या डोक्यात आलं की हा तर तयार सराव आहे. नागपूरची वेळ छापलेली आहे, म्हणजे तपासणी आयती मिळाली. तारीख आणि गाव द्यायचं, वेळ काढायची. नागपूर जुळलं की रायपूर विचारायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण चंद्राचं गणित महा खोडसाळ निघालं. चंद्र सरळ चालत नाही. कधी घाई करतो, कधी रेंगाळतो, कधी उत्तरेला सरकतो. पहिल्या भाषेत मला सगळी दिवाळीची सुट्टी पुरली नाही. शेवटी नागपूर हिरवं झालं, मुंबई हिरवी झाली, नाशिकही झालं. मग मी रायपूर विचारलं. नंतर पुढच्या सगळ्या महिन्यांच्या संकष्ट्या विचारल्या.

उत्तर आलं, नागपूर उणे दहा. एखाद्या महिन्यात अकरा.

आईला मी हे जरा पडेल आवाजात सांगितलं. "तुहे बाबा रेल्वेत होते," ती म्हणाली, आणि भाजी चिरत राहिली.

तरी तो सराव मी सोडला नाही. दर महिन्याला संकष्टीच्या आधी एक भाषा निवडायची, कोऱ्या फाइलपासून चंद्र उगवून घ्यायचा, वेळ काढायची, आईला सांगायची, फाइल मिटवायची. आईनं ही वेळ मान्य केल्याचं कधी बोलून दाखवलं नाही. मला ते कळलं समोरच्या काकूंशी चाललेल्या फोनवरून. "आमच्या पोरीच्या हिशोबानं आठ एकोणतीस येऊन राहिले," आई सांगत होती. मग थोडा वेळ ऐकून म्हणाली, "नाही, त्यात आता दहा नाही मिळवायचे." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. काकू मिळवतच असणार, माझी खात्री आहे.

इथपर्यंत सगळी गंमत होती.

आईचा उपास नऊ वर्षांचा. माझा धाकटा भाऊ नोकरीसाठी सिंगापूरला गेला, त्या वर्षी तिनं तो धरला. परदेशी गेलेल्या मुलासाठी आईनं संकष्टी धरली, हे कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांना त्याचं कौतुक होतं. त्याच वर्षी मीही पुण्याहून लग्न मोडून दोन सूटकेस घेऊन परत आले होते. पण एकाच घरात एकाच वेळी दोन गोष्टी घडल्या की लोक मोठी लक्षात ठेवतात. विमान मोठं असतं. बाबा तेव्हा होते. तेही नातेवाइकांना विमानाचंच सांगायचे. मला ते बरं वाटायचं, कारण मग माझ्याबद्दल कोणी विचारत नसे.

मग आईला शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, "माताजी, व्रत अब बंद कीजिए. नहीं मानना है, तो आठ बजे से पहले खाना हो जाना चाहिए." आई म्हणाली, "हव." आमच्या गावात हव म्हणजे होय. आईच्या तोंडी हव म्हणजे ऐकलं. तिनं गोळ्या घेतल्या, साखर सोडली, साबुदाणा सोडला, संकष्टी सोडली नाही. संकष्टीला दिवसभर चहा आणि मूठभर दाणे एवढंच.

थंडी संपून उन्हाळा जवळ आला की संकष्टीचा चंद्र आणखी उशिरा उगवायला लागतो. फाल्गुनातल्या संकष्टीला नऊ वाजून गेल्यावर उगवणार होता. वेळ मी सकाळीच काढून दिली होती. त्या रात्री आई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून खाली बसली. तिला दरदरून घाम सुटला होता आणि बोलताना शब्द ओढून आणावे लागत होते. मी साखरेचा डबा घेऊन धावले. चमचा तोंडाशी नेला तर तिनं ओठ घट्ट मिटले आणि डोळ्यांनी घड्याळ दाखवलं. अजून काही मिनिटं बाकी होती. मी ओरडले. मी तिचा हात धरून हलवला. मी काय काय बोलले ते मला आठवत नाही, पण त्या झटापटीत चमच्यातली साखर जमिनीवर सांडली. काटा माझ्या मिनिटावर आला तेव्हा तिनं तोंड उघडलं.

तिला झोपवल्यावर मी भावाला व्हिडिओ कॉल केला. तो मराठी समजतो, बोलतो हिंदीत.

"दीदी, तू प्रोग्राम में डेढ़-दो घंटे माइनस कर दे ना," तो म्हणाला. "मम्मी को कौन सा पता चलेगा. छत से तो वैसे भी कुछ नहीं दिखता."

ते खरं होतं. आमच्या पूर्वेला तीन मजली इमारत आहे, आणि तिच्या मागे सिलतऱ्याकडचा धूर. चंद्र त्यातून वर येईस्तोवर आई नेहमी जेवून बसलेली असते. तिचा सगळा भरवसा माझ्या वेळेवर होता.

पुढच्या संकष्टीच्या आदल्या दिवशी मी ते करून पाहिलं. एक ओळ होती फक्त, शेवटच्या उत्तरातून दोन तास वजा. चालवलं. नागपूर लाल, मुंबई लाल, नाशिक लाल. मी सत्यवादी वगैरे नाही. कारखान्यात उशीर झाला की बस पंक्चर झाली म्हणून सांगते, आणि बसचा ड्रायव्हरही माझ्यासाठी हेच सांगतो. पण सकाळच्या त्या एका तासात मी आजवर जाणूनबुजून चुकीची ओळ लिहिलेली नव्हती. माझ्या आयुष्यात स्वच्छ राहिलेली अशी ती एकच जागा होती. मी ती ओळ खोडली. आईचा जीव मोठा की तपासणीचा हिरवा रंग, हा प्रश्न विचारायलाही लाज वाटावी असा होता, आणि तो मी स्वतःला विचारत होते.

मग माझं लक्ष प्रोग्रामच्या पहिल्या ओळीकडे गेलं. तिथं दोन गोष्टी द्याव्या लागतात, तारीख आणि गाव. मी इतके महिने गाव म्हणून डोळे मिटून रायपूर देत होते. खोटं बोलायची गरजच नव्हती. उपास ज्याच्यासाठी आहे तो सिंगापूरला बसला आहे. मी सिंगापूर दिलं. आपल्या घड्याळात पावणेआठ. रायपूरला नऊ बेचाळीस. सगळं हिरवं होतं. मला इतका आनंद झाला की मी बससाठी पंधरा मिनिटं आधी जाऊन उभी राहिले.

संकष्टीच्या सकाळी आईला मी नेहमीसारखी रायपूरचीच वेळ सांगितली, सिंगापूरचं संध्याकाळी निवांत सांगायचं ठरवलं. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आई देवापाशी दिवा लावून बसली होती. चेहरा उतरलेला होता. मी लॅपटॉप घेऊन तिच्यासमोर पाटावर बसले.

"आई, एक सांग. ज्याच्यासाठी उपास धरला, त्याच्या गावी चंद्र उगवला, तर आपण जेवलेलं चालेल ना?"

शास्त्राच्या बाबतीत आई घाई करत नाही. तिनं दिव्याची वात सारखी केली, थोडा विचार केला.

"चालंन," ती म्हणाली. "माणूस जिथं, त्याचा चंद्र तिथं."

"मग झालं. सिंगापूरला पावणेआठला उगवतोय. आपले पावणेआठ. अजून तासभर."

"सिंगापूरले कोण आहे?"

"तुझा मुलगा आहे."

"तो आहे, मले माहीत आहे. त्याचा न् उपासाचा काय संबंध?"

 मला वाटलं शुगर पुन्हा उतरली.

"त्याच्यासाठीच धरला ना तू? सगळे म्हणतात."

"लोकाइले काय मालूम," आई म्हणाली. "तो नोकरीवर गेला, बायको घेऊन गेला, एसीत बसते. त्याच्यासाठी मी उपाशी काहून राहू? त्या साली तू आली न पुण्याहून. दोन महिने खाली मान घालून जेवत होती. कोणाशी बोले ना, हसे ना. तवा धरला."

मला आधी राग आला. नऊ वर्षं दर संकष्टीला ही बाई माझ्यासाठी उपाशी बसली, आणि मी तिच्यासमोर वेळेवर जेवून तिला मिनिटं काढून देत होते. भावाच्या नावानं हे सगळं कौतुक ऐकून, एकीकडे बरं वाटत असतानाही, मी मनातून कुढले होते, तेही हिला कळलं नसेल असं नाही. एका शब्दानं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? हे मी तिला विचारलं, आणि जरा मोठ्यानंच विचारलं.

"सांगितलं असतं तर तूनं धरू दिला असता का?" ती म्हणाली. "असू दे आता. नऊ बेचाळीस म्हटले न सकाळी? तूच सांगितले. थांबतो आपण."

तिनं हात गुडघ्यावर ठेवले होते. कपाळावर पुन्हा घाम दिसत होता. मी लॅपटॉप बाजूला ठेवला.

"कधीपर्यंत धरायचा हा?"

"तुहं सगळं ठीक होईपर्यंत. तसंच बोलली मी देवाले."

"मी ठीक आहे."

"मले कधी सांगितलं तूनं?"

"तू कधी विचारलं?"

"आता विचारून राहिली," आई म्हणाली. मी तोंड उघडणार तोच तिनं हात वर केला. "जेवणासाठी नको सांगू. खरं सांग. नसंन ठीक तर नाही म्हण, मी थांबीन."

 हो म्हटलं तर ती जेवणार होती, म्हणून हो म्हणायला मी उतावीळ होते, आणि तेवढ्यासाठीच मला ते म्हणता येत नव्हतं. मी खरोखर बघायला लागले. पुण्याचं घर आठवून पाहिलं. त्या घराच्या खिडक्या कुठे होत्या ते आठवलं नाही. कारखाना आहे तसा आहे. एकटेपणा आहे, तो संध्याकाळी बसमधून उतरताना लागतो, मग घरी येऊन आईशी दोन गोष्टींवर भांडलं की जातो. सकाळी उठावंसं वाटतं. रोज वाटतं. चहा घेऊन कोरी फाइल उघडते तेव्हा मला कोणी बघत नसतं, मला कोणाला काही दाखवायचं नसतं, आणि तासभर मी जी असते ती मला आवडते. हे केव्हापासून असं आहे ते मला सांगता आलं नसतं. बरेच दिवस झाले असावेत. मला कोणी विचारलं नव्हतं म्हणून मीही पाहिलं नव्हतं.

"ठीक आहे मी, आई," मी म्हणाले. "खरंच. खूप दिवसांपासून."

आईनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी ताप उतरला का ते बघताना बघायची, तसं बराच वेळ पाहिलं. मग तिचे डोळे भरून आले, आणि त्याचा तिला रागही आला.

"मंग आधी सांगा लागत होतं न, पोरी," ती म्हणाली. "एवढे दिवस उपाशी ठेवलं मले."

तिनं देवाला नमस्कार केला, माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन पाट ओढला. घड्याळाकडे तिनं बघितलं नाही.

"चाल," ती म्हणाली, "वाढ."